गाठीचं फडकं

"ब्रेकच गेलेले होते, दुसरं काय!" काका पुन्हा म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कुणाकुणाला ऐकवलं होतं ते धाकटीला ठाऊक होतं. पण आज ते आईसमोर, बाबांच्याच खुर्चीत बसून, चहात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाले, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली.

बाबांना जाऊन महिना होत आला होता. उतारावरून सायकलने येताना ते पडले. हृदय आधी थांबलं आणि पडणं नंतरचं, असं डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. पण हृदयाच्या गोष्टीत चघळायला काय असतं? ब्रेकच्या गोष्टीत सगळं होतं: म्हातारपणची हौस, हलगर्जीपणा, वर फुकटचं तात्पर्य. त्यामुळे तीच गोष्ट बिल्डिंगभर झाली. खालच्या मजल्यावरच्या बाई तर जिन्यात तिचा हात धरून म्हणाल्या होत्या, "अगं, काय ती ब्रेकची किंकाळी! तुझे काका सायकल परत घेऊन आले ना, तेव्हा मी दार उघडून बघितलं. असे ब्रेक घेऊन फिरायचे बाई तुझे बाबा!"

आणि हे कुणाबद्दल? जन्मभर लिफ्टचे ब्रेक तपासत आलेल्या माणसाबद्दल. स्वतःच्या घरी येतानाही लिफ्ट किंचित उशिरा थांबली तर चपला न काढता फोन करणाऱ्याबद्दल.

"भंगारवाला संध्याकाळी येतोय," दादा मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "उगाच घरात अपशकुनी वस्तू नको."

"अपशकुनी काय त्यात?"

"तू आवाज ऐकलास ना तिचा? आईला झोप लागत नाही त्या आवाजानं."

"सायकल रात्री आपली आपण चालते का रे?"

आईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. महिन्याभरात पहिल्यांदाच.

"बाई गं, चिडू नकोस," काका म्हणाले. "मला काय आनंद आहे का? माझा सख्खा भाऊ. पण डोळ्यांआड करून कसं चालेल? दोन वेळा बोललो होतो मी त्याला, या वयात सायकल नको म्हणून. ऐकेल तर शपथ!"

धाकटी उठली आणि गॅलरीत गेली. रागाने बोललं की आपल्या तोंडून बरं काही निघत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होतं. हाताला काम हवं होतं.

सायकल भिंतीला टेकवलेली होती. दिसायला नवरीसारखी. एवढी ती बाबांच्या काळातही कधी चमकली नव्हती. तिने मागचं चाक उचललं, फिरवलं, ब्रेकचा दांडा दाबला. कर्कश्श आवाज निघाला, दात आंबवणारा. आत कुणीतरी "बघ!" म्हणालं.

तिने चाक काढलं. बाबा हे काम करताना ती लहानपणापासून शेजारी बसायची, तेव्हाच्या साध्या सायकलीपासून ते निवृत्तीनंतर घेतलेल्या या डिस्क ब्रेकवालीपर्यंत. चाकाच्या मधोमध एक पातळ पोलादी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन छोटे पॅड. पॅड बाहेर काढून तिने उजेडात धरले. झीज जेमतेम होती. पण त्यांचा पृष्ठभाग चकाकत होता, ओशट, काळपट. तबकडीवर बोट फिरवलं तर बोट सरकलं. डिस्कला तेल, म्हणजे ब्रेक किंचाळणारच! बाबा असते तर त्यांनी जेवण सोडलं असतं.

मग तिने सीटखालची छोटी पिशवी उघडली.

बाबांची दोन फडकी असत. एक चेनचं, ते कसंही मळलेलं. दुसरं डिस्कचं, त्याच्या कोपऱ्याला गाठ. गाठीच्या फडक्याला तेलाचा वारासुद्धा लागायचा नाही, ते फक्त स्पिरिटमध्ये भिजायचं. "अंधारातसुद्धा हाताला गाठ लागली की कळलं पाहिजे," ते म्हणायचे. एकदा दादाने त्याच फडक्याने पंख्याला तेल दिलं, तर ते त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नव्हते.

पिशवीतलं गाठीचं फडकं पिवळं पडलं होतं. चिकट. तिने ते नाकाशी नेलं. संत्र्याच्या सालीचा वास. काकांच्या फर्निचरच्या दुकानात शिरलं की पहिल्यांदा हाच वास यायचा. काका कपाटांवर मारतात त्या तेलकट पॉलिशच्या फवाऱ्याचा.

तिने फडकं उचललं आणि आत जाऊन काकांच्या बशीशेजारी ठेवलं.

"काका, बाबा पडल्यानंतर सायकल तुमच्याकडे होती तेव्हा पुसलीत का?"

"पुसली म्हणजे काय! चिखलानं माखलेली होती. धुतली, वर फवारा मारून त्याच्याच पिशवीतल्या फडक्यानं लख्ख केली. तारांपासून त्या तबकड्यांपर्यंत. भावाची वस्तू अशी कशी परत आणायची?"

"तबकड्यांवरसुद्धा?"

"मग? गंज चढू द्यायचा?" एवढं बोलून काकांनी फडक्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "का गं?"

"आणि आवाज कधी ऐकलात पहिल्यांदा?"

उत्तर आईने दिलं, हळू आवाजात, स्वतःशीच बोलावं तसं. "यांची सायकल कधी वाजायचीच नाही. दारात येऊन उभे राहिले की मी दचकायची. शेवटी मीच म्हटलं, फाटकापासून घंटी वाजवत या."

दादाने मोबाइल खाली ठेवला.

धाकटी पुन्हा गॅलरीत गेली. तेल प्यायलेले पॅड कामाचे नव्हते, पण बाबांच्या डब्यात दोन्ही चाकांसाठी नव्या जोड्या होत्या. असणारच. आईची एक जुनी सुती साडी फाडून तिने धुवट तुकडा घेतला, कोपऱ्याला गाठ मारली आणि स्पिरिटने तबकड्या पुन्हा पुन्हा पुसल्या, फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत. पॅड बसवले, चाकं चढवली. मग सायकल खाली नेऊन आवारात फेऱ्या मारल्या. वेग घ्यायचा, ब्रेक हळूहळू दाबायचा, सोडायचा. नव्या पॅडला तबकडीची सवय व्हावी लागते. सुरुवातीची खरखर निवत गेली. मग नुसताच टायरचा आवाज उरला. मग तोही नाही.

काका फाटकाशी येऊन उभे होते. डोळे लाल.

"मी चांगल्यासाठीच केलं गं, पोरी."

"पुसलंत ते चांगल्यासाठीच. त्याबद्दल काही म्हणणंच नाही." तिचा आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "पण तुम्ही त्यांना बेफिकीर ठरवलंत, काका. ब्रेकच्या बाबतीत. त्यांना! एकदा चाक उघडून बघावंसंही वाटलं नाही?"

"चुकलं माझं."

"मला नका सांगू. ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितलीत, त्यांना हीही सांगा."

काकांनी मान हलवली. केबिनमध्ये वॉचमन बसला होता. ते त्याच्याकडे गेले, खिडकीत वाकून काहीतरी पुटपुटले. वॉचमनने ऐकू न आल्यासारखा कानामागे हात धरला.

धाकटीने घंटी वाजवली, जोरात, दोनदा. वरच्या खिडकीत आई आली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं.

"ऐकू येत नाहीये, काका," ती म्हणाली. "तेव्हा सांगत होतात तेवढ्या आवाजात सांगा."