भाकरीएवढ्या अंतरावरची कराची

सोलापूरच्या वेशीबाहेर तेव्हा धनगरांची एक आळी होती. आता तिथं घरंही नाहीत नि मेंढरंही. त्या आळीत सोयरिकीचं अंतर कोसांत मोजत नसत. माहेरची बांधून घेतलेली भाकर शिळी व्हायच्या आत जे गाव गाठता येतं, तिथंच लेक द्यायची. माढा चालायचं. नातेपुतं म्हटलं की बाया तोंडाला पदर लावून विचारात पडायच्या.

म्हणून कोंडीबा पाव्हणा भाच्यासाठी केराबाईला मागायला आला आणि पोरगा कराचीच्या बंदरावर कामाला आहे म्हणाला, तेव्हा केराच्या आईनं, गोजाबाईनं, पुढं सरकवलेला गुळाचा चहा पुन्हा मागं ओढला.

"आगगाडीनं तितं जाऊस्तवर भाकरीला मिशा फुटतील की, पाव्हणं."

"आगगाडी कशाला, वैनी?" कोंडीबानं आभाळाकडं बोट केलं. टपालाचं विमान नुकतंच सुरू झालं होतं. "सकाळी कराचीतनं उडतंय, दिस कलायच्या आत ममईला. भाकर गार बी हुयाची न्हाय."

गोजाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. सिद्धाप्पा थापांचा सरदार. त्याला तेवढंच हवं होतं.

"खरं हाय. परवा बाभळीला घासूनच गेलं. चालवणाऱ्यानं तपकीर मागितली. मी डबी वर फेकली. चिमूट घेऊन त्यानं परत टाकली बी. शिंकला तवा पार इजापुरावर हुता."

"मग मला बसवा त्यात," गोजाबाई म्हणाली. "लेकीला बगून धारा काढायला म्हागारी येते."

कोंडीबा चुळबुळला. "त्यात निस्तं टपाल जातंय, वैनी."

"कपाळाला तिकीट चिकटवू की," सिद्धाप्पा म्हणाला.

केराबाई आतून आली. फडक्यातली भाकर तिनं आईच्या हातावर ठेवली. पापडासारखी पातळ नि कडक, तीळ लावलेली. शेजारच्या कमलम्माकडून शिकलेली.

"मागच्या अवसंची हाय. खा."

भाकर कुर्रकन मोडली. वास नाही, बुरशी नाही. नियम घालणाऱ्या म्हाताऱ्यांनी असली भाकर बघितलीच नव्हती. 'ही कानडी भाकर, आपल्यात चालत न्हाय,' असं गोजाबाईच्या अगदी ओठांवर आलं. मग तिच्या ध्यानात आलं, मागच्या अवसेला तर पाव्हण्यांचा निरोपसुद्धा नव्हता.

"बिरोबाच्या जत्रंत बगितलंस व्हय त्या पोराला?"

केराबाई अंगठ्यानं भुई उकरत राहिली.

गोजाबाईनं घास बराच वेळ चावला.

"तीळ कमी पडल्यात," ती म्हणाली. "वाटंला करशील तवा जास्त घाल."

पुढं केरा आपल्या संसारात रमल्यावर गोजाबाई आळीतल्या बायांना सांगायची, सिद्धाप्पाच्या घरात जन्म काढून मी थाप मारली ती एवढीच. तीळ भरपूर होते. पण 'जा' असं म्हणवत नव्हतं, आणि काहीतरी बोलणं भाग होतं.