सासरची पायवाट

कोडोलीचा आकाराम पाटील हळू बोलला, की शेजारच्या गल्लीतली माणसं काय झालं म्हणून दारं उघडून बघतात. पन्हाळ्यावरच्या मेव्हण्याला तो फोन लावायला लागला, की बायको शालूबाई म्हणते, फोन कशाला, दारात उभं ऱ्हावून बोला की, ऐकू जातंय. आता हा काही दोष नव्हे. आमच्याकडं माणूस जेवढा मोकळा, तेवढा त्याचा आवाज मोकळा. कुजबुजणाऱ्याला आम्ही चहा देतो, पण मुलगी देत नाही.

पण दैवाची गंमत बघा, या माणसाची धाकटी लेक अनुजा नोकरीला लागली ती नेमकी शांततेच्या ठिकाणी. घाट उतरून खाली कोकणात, समुद्राला अगदी खेटून एक राखीव जंगल आहे. त्यातून पायवाटा काढल्यात. येणाऱ्या माणसांना त्या वाटांनी हिंडवायचं, झाडं-पाखरं दाखवायची, हे अनुजाचं काम. काम तिच्या जिवाचं होतं, पण तात्पुरतं. कायम होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही, असं तिनं घरी बजावून ठेवलं होतं.

त्यातली सगळ्यांत देखणी वाट समुद्राकडच्या टोकाला जायची. तिथं एका उंच सातविणीवर समुद्री गरुडाच्या जोडीनं घरटं केलं होतं आणि त्यात पिल्लू होतं. मागं एकदा कुणीतरी गाणी वाजवत गेलं, तेव्हा ती जोडी घरटं सोडून उठली आणि दुपारपर्यंत परतली नाही. तेव्हापासून रेंजर परबसाहेबांच्या मनानं घेतलं होतं, की ही वाट माणसांना नकोच. शेवटी ते अनुजाला म्हणाले, रविवारी तुझ्या गटाबरोबर मी स्वतः चालतो. ती जोडी उठली तर वाट बंद. आणि वाट बंद म्हणजे अनुजाचं कामही बंद, कारण बाकीच्या वाटांवर हिंडवणारी माणसं पुरेशी होती.

हे तिनं रडत रडत आईला फोनवर सांगितलं. त्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळं आकारामनंही ऐकलं आणि त्याच दमात ठरवून टाकलं. लेकीच्या परीक्षेला परकी माणसं कशाला? आपलीच नेऊ. घरची माणसं शब्दाबाहेर जायची नाहीत. चूक झाली ती इथं. घरच्या माणसांनी आजवर कुणाचं ऐकलंय?

आकारामच्या बाळासो नावाच्या चुलतभावानं आपल्या नावावर गटाची नोंदणी केली, म्हणजे लेकीला आधी पत्ता लागू नये. रविवारी तांबडं फुटायच्या आत ट्रॅक्स भरली. आकाराम, शालूबाई, बाळासो, आकारामची थोरली बहीण धोंडुबाई आणि भावकीतली आणखी काही मंडळी. खर्डा-भाकरीची गाठोडी वर टाकली आणि गाडी बावड्याचा घाट उतरली. घाटात सगळ्यांनी एकमेकांना दम दिला, की आज आवाज काढायचा नाही. हा दम खालच्या दरीतल्या गुराख्यांनीही ऐकला असणार.

जंगलाच्या तोंडाशी अनुजा गणवेशात उभी होती. गाडीतून आधी वडील उतरले, मग आई, मग आत्या. पोरीचा चेहरा असा पडला, की आकारामच्या काळजात चर्र झालं. तिच्या शेजारी परबसाहेब उभे होते, शिडशिडीत, मिशी बारीक, बोलणं त्याहून बारीक. अनुजानं पुस्तकी मराठीत सांगितलं, की कृपया शांतता राखावी, झाडाफुलांना हात लावू नये, आपण येथे पाहुणे आहोत. सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय व्हय, राखतो की." जवळच्या फांदीवरचे दोन बगळे उडाले.

वाट सुंदर होती, हे कबूल केलंच पाहिजे. वर पानांचं छत, खाली वाळू मिसळलेली मऊ माती, आणि झाडांच्या पलीकडून समुद्राचा आवाज. पण सुंदर काही दिसलं, की आमच्या माणसाला ते शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाळासोनं वाळूत सापडलेले शिंपले खिशात भरले आणि कुठला मोठा, यावर वाद घातला. एकाला खेकडा दिसला, त्यानं सगळ्यांना हाका मारल्या. परबसाहेब मागून एकेक बघत चालत होते. तेच वाईट होतं.

सातवीण समोर दिसायला लागली आणि धोंडुबाईला नेमका तेव्हाच कंठ फुटला. भाचीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, की यंदा पावणं बघायचं का न्हाय, का झाडाशीच लगीन लावायचंय तुझं? त्यावर सगळे हसले. आकारामला राहवलं नाही, तो ओरडला, "गप बसा की रं!"

जंगलातला त्या दिवसाचा सगळ्यांत मोठा आवाज तोच. धनेशांचा एक थवा फडफडत समुद्राकडं गेला. घरट्यावर बसलेली मादी मान वर करून उभी राहिली आणि तिनं पंख अर्धे उघडले. परबसाहेब थांबले. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलेलं आकारामनं बघितलं. लेकीचं नुकसान दुसऱ्या कुणी नाही, आपण केलं, हे त्याला लख्ख कळलं आणि त्याला स्वतःच्या गळ्याची लाज वाटली.

अनुजानं डोळे पुसले, गणवेशावर गुंडाळलेली ओढणी डोक्यावर घेतली आणि वळून अगदी खालच्या आवाजात, घरच्या बोलीत म्हणाली, "आत्ती, माझं लगीन झालंय असं समज. ह्ये जंगल माझं सासर हाय. त्या झाडावर ऱ्हात्यात ती सासू-सासरं. तुमी लेकीच्या सासरी आलाय. कसं वागायचं, ते मी सांगाय पायजे व्हय?"

शांतता राखावी हे वाक्य कोडोलीच्या माणसाला कळत नाही, पण लेकीचं सासर कळतं. तिथं मोठमोठे पैलवान मांडी घालून चुळबूळ न करता बसतात. बायकांचे पदर आपोआप डोक्यावर गेले. पुरुषांनी टोप्या सारख्या केल्या. बाळासोनं खिसा उलटा करून सगळे शिंपले हलकेच वाळूत ठेवले, कारण लेकीच्या घरचं काही उचलून आणायचं नसतं. धोंडुबाईनं तर तोंडालाच पदर लावला. मंडळी वयाच्या क्रमानं एकामागं एक उभी राहिली. आकाराम सगळ्यांच्या मागं गेला.

मादीनं खूप वेळ खाली बघितलं. मग पंख मिटले आणि ती बसली.

थोड्या वेळानं समुद्रावरून नर आला. पायांत साप लोंबत होता, पाण्यातला. तो घरट्यावर उतरला आणि दोघांच्या मधून एक करडं, पिंजारलेलं डोकं वर आलं. पिल्लानं चोच वासली. आकारामच्या छातीत आनंदाचा असा उमाळा दाटला, की एरवी तो कोल्हापुरापर्यंत ऐकू गेला असता. त्यानं शालूबाईचा हात घट्ट धरला आणि दातांवर दात दाबले. शालूबाई नुसती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

परतताना कुणी बोललं नाही. वाटेच्या तोंडाशी परबसाहेबांनी सगळ्यांसाठी कोकम सरबत मागवलं, तर लेकीच्या सासरचं कसं घ्यायचं म्हणून मंडळी 'नको नको, झालंय आमचं' म्हणत मागं सरकायला लागली. आता घ्यायला हरकत नाही, असं अनुजाला सांगावं लागलं. परबसाहेब आकारामजवळ आले आणि हसून म्हणाले, "पाटील, वाट सुरू राहील. आणि तुमची लेकही इथंच राहील, कायमची. मी तसं वर कळवतो."

आकारामनं हात जोडले. थोरल्या लेकीची पाठवणी करताना जे शब्द तोंडून निघाले होते, तेच निघाले.

"पोर तुमच्या पदरात घातली. सांभाळून घ्या."

तो बोलला परबसाहेबांना, पण बघत होता झाडांकडं. अनुजाला हसूही आलं आणि रडूही. ती बापाच्या खांद्याला बिलगली आणि म्हणाली, "आबा, हितं चालतंय. आता बोला की मोठ्यानं."

आकारामनं टोपीनं डोळे पुसले आणि मान हलवली.

"नगं बाळ," तो पुटपुटला. "पिल्लू निजलं असंल."