सोवळ्यातलं पिस्तूल

कोल्हापुरातल्या बंदुकांच्या दुकानात शिरल्यावर गंगाराम परबाने आधी कोट काढला, मग सदरा काढला, आणि उघड्या अंगाने नुसत्या धोतरावर उभा राहून दुकानदाराला म्हणाला, "आता दाखवा."

दुकानदाराने हातातला चहा खाली ठेवला. "पाव्हणं, बाकीची माणसं खिशात घालून नेत्यात. तुम्ही कापडं का काढलासा?"

गंगारामने लायसन पुढे सरकवलं आणि कचेरीत बोलतात तशा शुद्ध मराठीत सगळं समजावून सांगितलं. तो पावणाईच्या देवळाचा मानकरी. वर्षातून एकदा, जत्रेच्या दिवशी, देवीचे दागिने त्याच्या घरून देवळात जातात. पेटी त्याच्या डोक्यावर, एक हात पेटीला. अंगावर ओलं धोतर आणि खांद्यावर उपरणं, बस्स. शिवलेलं चालत नाही, कातडं तर नाहीच नाही. गेल्या वर्षी शेजारच्या गावचे दागिने खाडीच्या वाटेवर लुटले गेले आणि तिथला म्हातारा मानकरी डोक्यात दांडा बसून मेला. तेव्हा पिस्तूल हवं, पण दिसता कामा नये आणि टोचता कामा नये.

दुकानदार रंगात आला. त्याने पहिल्यांदा रिव्हॉल्वर काढलं. चांगलं दणकट होतं, पण धोतरात खोचल्याबरोबर घोडा निऱ्यांत अडकला आणि निऱ्याच सुटल्या. दुकानातली दोन गिऱ्हाइकं तोंड फिरवून हसली. मग त्याने एक बेल्जियमचं पिस्तूल काढलं, पानाच्या चंचीएवढं, चपटं, कुठे अडकेल असं काही वर आलेलं नाही. गंगारामने ते कमरेला लावून दुकानात चार येरझाऱ्या घातल्या, मांडी घालून बसला, उठला. "हे द्या," म्हणाला.

"दमदार नाही हां हे," दुकानदार म्हणाला. "दहा पावलांवरचाच माणूस पडंल."

"दहा पावलांवरचाच पाहिजे," गंगाराम म्हणाला, आणि आपण हे काय बोलून गेलो याचं त्याला स्वतःलाच बरं वाटलं नाही.

कारण दहा पावलांवर कोण असणार ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पेटीच्या मागून चालायचा मान धाकट्या भावाचा. तो भाऊ म्हणजे लवू. आई गेली तेव्हा लवू चार वर्षांचा होता. गंगारामने त्याला न्हाऊ घातलं, खाडीत पोहायला शिकवलं, तापात रात्ररात्र खांद्यावर घेऊन फिरवलं. आता तो तिशीचा होता. पाच वर्षं गोव्यात, म्हापशाला कुठल्याशा मोटारवाल्याकडे काढून, मधे फक्त जत्रेपुरता येऊन, गणपतीला कायमचा परत आला, तो मनगटावर फॉरेनचं घड्याळ घेऊन. दर पंधरवड्याला त्याला भेटायला गोव्याकडचे दोघे यायचे. माडाखाली उभं राहून बोलायचे. गंगाराम जवळ गेला की गप्प व्हायचे.

एवढ्यावरून कोणी सख्ख्या भावावर संशय घेत नाही. पण लायसनच्या कामासाठी मालवणला गेला असताना फौजदार सहज म्हणाला, "परब, चोरांना वेळ कोणीतरी सांगतो. तो बहुतेक गावातलाच असतो. कधी कधी घरातलाही." फौजदार बोलून मोकळा झाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. गंगारामच्या डोक्यात मात्र तो भुंगा शिरला तो शिरलाच.

लवूला बाजूला ठेवावं, तर तीही सोय नव्हती. वाटेत गावाच्या शिवेवर एक धोंडा आहे. तिथे मानकऱ्याने तीन दंडवत घालायचे आणि तोवर पेटी सख्ख्या भावाने धरायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लवू नको म्हटलं तर गावकरी विचारणार, का नको? त्याला उत्तर द्यायचं म्हणजे भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची. शब्दाने जे करवत नव्हतं ते त्याने पिस्तुलावर सोपवलं होतं. भ्याडपणाच होता हा, आणि गंगारामलाही तो कळत होता.

घरी आल्यावर बायकोने, सुगंधाने, ते हातात घेऊन पाहिलं. "ह्या असला बारक्या? मी समाजलंय, मोठा कायतरी आणतलास." मग तिने खारव्याच्या जाड कापडाची, सुई न लावता नुसत्या गाठी मारून, पिशवी केली आणि ती करगोट्याला बांधायची युक्ती काढली. सुताचा करगोटा तर कमरेला असतोच, त्याला कोण विटाळ म्हणणार? पहिल्या दिवशी पिशवी पुढे बांधली, तर जेवायला बसल्यावर नळी पोटात रुतली. मागे बांधली, तर कासोट्याने ती झाकली जाईना. शेवटी डाव्या बाजूला, जांघेच्या जरा वर जागा सापडली. निऱ्यांची घडी वरून आली की काहीच दिसत नव्हतं.

मग त्याने सवय करायला घेतली. ते लावून विहिरीवर गेला, पाणी ओढलं. माळ्यावर चढला. होडीत बसला. डोक्यावर भाताची पायली घेऊन परसात चालला. आठ दिवसांत त्याच्या अंगाला ते बोचेनासं झालं, पण त्याच आठ दिवसांत त्याच्या मनाची बसायची जागा गेली. पाच मिनिटं एके ठिकाणी ठरेना. बोलता बोलता हात डाव्या कमरेकडे जायचा. लवू घरात आला की हा उठून दाराकडे तोंड करून बसायचा. लवू कुठे गेला, किती वेळ गेला, कोणत्या वाटेने आला, सगळं टिपायचा.

"दादा, तुजी कंबर दुखता काय रे?" एकदा लवूने विचारलं. "सारखो हात लावतंस थंय. तेल चोळून दिऊ?"

"नको," गंगाराम म्हणाला, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

जत्रेच्या दिवशी सकाळी त्याने न्हाऊन ओलं धोतर नेसलं आणि आतल्या खोलीत जाऊन पिशवी बांधली. नळीत गोळी घालून ठेवू नका, असं दुकानदाराने दहादा बजावलं होतं. त्याने घातली. मग पेटी डोक्यावर घेतली. इथून मौन. दागिने देवीच्या अंगावर चढेपर्यंत मानकऱ्याने अवाक्षर काढायचं नाही, हा नेम त्याच्या आज्यापासून कोणी मोडला नव्हता.

दोघे भाऊ होडीने खाडी उतरले. लवू समोरच बसला होता, तोही उघडाच, ओल्या धोतरावर, घड्याळ घरी काढून ठेवलेलं. तो एकटाच बोलत होता: पाणी किती उतरलंय, यंदा मुंबईहून कोण कोण आलंय. गंगाराम त्याच्या हातांकडे बघत होता. पलीकडे उतरून दोघे मळ्यांच्या बांधावरून चालू लागले. मागून लवूची पावलं ऐकू येत होती. ती जरा मंदावली की गंगारामच्या मानेवर काटा यायचा.

शिवेचा धोंडा दिसला, आणि धोंड्याच्या पलीकडे काजूच्या सावलीत ते दोघे दिसले. गोव्याकडचे. त्यांच्यापाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. लवूने मागून हात वर केला असावा, कारण त्यांनीही केला.

गंगाराम थांबला. परत फिरावं, तर देवीच्या वाटेवरून आजवर कोणी परतलं नव्हतं. ओरडावं, तर मौन.

"दे, दादा," लवू पुढे येऊन म्हणाला आणि नेहमीसारखे त्याने दोन्ही हात पसरले. गंगारामने पेटी दिली. देताना त्याची बोटं सुटेनात, तेव्हा लवूने ती हळूच सोडवून घेतली.

पहिला दंडवत घालायला तो पालथा पडला आणि पिस्तूल जांघेत खाडकन रुतलं. एवढं सगळं करून पाहिलं होतं, पालथं पडून पाहायचं तेवढं राहिलं होतं. आपण भरलेल्या नळीवर निजलो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. तो कसाबसा उठला. दुसऱ्या दंडवताला पडला, कपाळ मातीला टेकलं, आणि मागे लवूची पावलं वाजली. एक, दोन, तीन. पावलं बाजूला सरत होती. काजूच्या दिशेने.

गंगाराम वळला. पालथ्याचा उताणा झाला, पिशवीतून पिस्तूल ओढलं आणि समोर धरलं.

लवू तीन पावलांवर उभा होता. पेटी त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. त्याच्या पाठीशी ऊन होतं, आणि त्याची लांब सावली आता धोंड्याच्या डाव्या अंगाला, मोकळ्या गवतावर पडली होती. दंडवत घालणाऱ्यावर पेटी धरणाऱ्याची सावली पडू द्यायची नाही. ऊन बघायचं आणि बाजूला सरायचं. लवू सोळा वर्षांचा असताना, ह्याच धोंड्यापाशी, हे त्याला गंगारामनेच शिकवलं होतं.

काजूखालचे दोघे उठून उभे राहिले होते. त्यांच्या धक्क्याने गोणपाट उलगडलं होतं आणि त्यातून नव्या कोऱ्या गॅसबत्त्या दिसत होत्या, देवळासाठी गुपचूप आणवलेल्या; माडाखालची बोलणी ह्यांचीच होती. गंगारामने पिस्तूल खाली केलं.

लवूने पिस्तुलाकडे पाहिलं, मग भावाच्या कमरेकडे पाहिलं. आठ दिवसांचं सगळं त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं असावं.

"चोर येतले म्हणान आणलंस ना ह्या, दादा?" तो अगदी हळू म्हणाला. "बोला नको. नुसती मान हलय."

मौन शब्दांचं होतं, मानेचं नव्हतं. एकदा मान हलवली असती तर लवूने ते खरं मानलं असतं. मानायलाच तो तिथे थांबला होता. पण देवीची पेटी समोर होती, आणि गंगारामची मान हलली नाही.

"एक दंडवत रवलो," शेवटी तो म्हणाला.

गंगारामने पिस्तूल पिशवीत सारलं आणि तिसरा दंडवत घातला. लवूने पेटी त्याच्या डोक्यावर नीट बसवली, तोल गेला नाही ना पाहिलं, आणि मागे जायच्या ऐवजी पुढे झाला. "मी फुडे चलतंय," म्हणाला. "म्हणजे तुका बघूक बरां." उरलेलं मैलभर अंतर गंगाराम त्या उघड्या पाठीकडे बघत चालला. लवूने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

देवळात दागिने चढले. नथ झाली, पुतळ्यांची माळ झाली, कंबरपट्टा झाला. पुजारी म्हणाला, "मानकऱ्यांनू, आता बोला." पहिला शब्द देवीच्या नावाचा असतो. भोवतीची माणसं ऐकायला थांबली होती.

"लवू," गंगाराम म्हणाला.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. लवू सभामंडपात बाकावर चढून गॅसबत्ती टांगत होता. त्याने बत्तीचा आकडा नीट अडकवला, खाली उतरला, हात पुसत जवळ आला आणि बेताच्या अंतरावर, बाकीचे गावकरी उभे राहतात तिथे उभा राहिला.

"काय होया तुमका, मानकऱ्यांनू?" त्याने विचारलं.