खर्जबुवांचा झोपलेला ठोकळा

दंतवैद्यांच्या दिवाणखान्यात त्या दिवशी इतकी गर्दी, की चपला जिन्यापर्यंत पोचल्या होत्या आणि उशिरा आलेले टीपॉयवर टेकले होते. समोर दोन छोटे स्पीकर आणि त्यांच्या मधोमध, भिंतीकडे पाठ करून, एक भलामोठा काळा ठोकळा. सबवूफर. गाण्यातले फक्त खालचे, जाड स्वर काढणारा. शेजारी डोळे मिटून मंडळींचे नादगुरू खर्जबुवा. घेर साधारण ठोकळ्याइतकाच.

"ठोकळा निद्रिस्त आहे," बुवा म्हणाले. "ऐका."

रेकॉर्ड लागली. आवाज इतका पातळ, की आजाऱ्याला पथ्य म्हणून द्यावा.

"आता जागृती!" बुवांनी ठोकळ्याला मिठी मारली, हात मागे नेले आणि घशातून लांबलचक हुंकार काढला. खोली घुमली! कपाटाच्या काचा थरथरल्या.

"काटा आला हो अंगावर!" बँकेतले साहेब म्हणाले. "इतका वेळ कुठे होता हा आवाज?"

"तुमच्या अहंकाराखाली," बुवा म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. आपल्याला निदान अहंकार आहे असं बुवा म्हणाले, हेही काही कमी नव्हतं.

ठोकळ्याची पाठ कुणी बघायची नाही, हा बुवांचा दंडक. बघितली की नाद आटतो म्हणे.

दंतवैद्यांचं प्रकरण मात्र गाण्यापुरतं नव्हतं. महिन्याभरापूर्वी ते झोपेतून उठले तेव्हा डावा कान ठार बंद. त्यांची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, म्हणाल्या, डॉक्टरकडे चला. बुवा म्हणाले, "औषधानं कान मठ्ठ होतो. ठोकळा उघडेल." दाढ दुखली म्हणून अंगारा लावून आलेल्या पेशंटला फाडून खाणारा हा माणूस, पण रोज डावा कान ठोकळ्याकडे करून बसू लागला. आताही ते ताडकन उठले.

"येतंय! डाव्यानं येतंय!"

टाळ्या पडल्या. दारातली एक बाई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. दंतवैद्यांची धाकटी बहीण, परगावी कानाची डॉक्टर. वहिनींनी शेवटी चोरून फोन केला, तेव्हा तिला कळलं आणि ती बॅगेसकट थेट आली होती.

"बुवा, मी करू का जागृती?"

"ताई, त्याला वर्षानुवर्षांची साधना लागते."

"मग मी जरा घाईनं करते."

तिनं ठोकळ्यामागे हात घातला. हुंकार काढला नाही, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. खट्. घुमणं गेलं. खट्. परत आलं. खट्.

"झोपला, उठला, झोपला. बिचाऱ्याला अजून किती वेळा उठवू?"

मग तिनं ठोकळा सरळ फिरवलाच. पाठीवर एक साधं बटण होतं.

"स्पीकर हवा पुढे ढकलतात त्याच वेळी हा मागे ओढायला लागला, तर जाड स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. बटण फिरवलं की तिघं एकदम ढकलतात. ठोकळा कुठे ठेवलाय त्यावर ते अवलंबून, म्हणून कारखान्यानंच बटण दिलंय. ही शेजारची गोल कळ कशाला? छोटे स्पीकर ज्या खालच्या स्वरापाशी दमतात, तिथून यानं उचलायचं, ते ठरवायला. आणि आवाज इतकाच ठेवायचा, की ठोकळा होता हे बंद केल्यावर कळावं. तुम्ही तर एवढ्याशा खोलीत हत्ती आणून बांधलाय."

"हत्ती बुवांनीच निवडला," वहिनी म्हणाल्या.

बुवा सावरले. "आणि यांचा कान? तोही बटणानंच उघडला का?"

"तेच बघू."

गाणं बंद झालं. तिनं भावाला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि त्याचा उजवा, चांगला कान बोटानं दाबून चोळत राहिली, त्यातून काही ऐकू जाऊ नये म्हणून. "वहिनी, डाव्या कानात हळू काहीतरी बोला."

वहिनी वाकल्या. "अहो, चहा टाकू का?"

टीपॉयवर बसलेल्यांनाही ऐकू गेलं.

दंतवैद्य हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत राहिले. बराच वेळ.

"बोल ना गं," ते म्हणाले. "मी तयार आहे."

बहिणीनं बोट काढलं. पुढचं तिला उजव्या कानातच सांगावं लागलं. "दादा, ठोकळ्यानं तुझी छाती हादरते. बाकीचं तू उजव्यानं ऐकतोस. पहिल्या आठवड्यात आला असतास, तर औषधानं कान वाचायची बरीच शक्यता होती. उद्यापासून प्रयत्न करू. पण आशा फार कमी आहे."

"श्रद्धा कमी पडली," असं दंतवैद्यांकडे बोट दाखवून बुवा चपला शोधायला गेले. बँकेतले साहेब मात्र डॉक्टरबाईंच्या मागे लागले. "ताई, आमच्याकडचाही ठोकळा झोपलाय हो. तुमच्या हाताला गुण आहे. येता का?"

प्रयत्न झाले, कान आला नाही. दोन स्पीकर लावायचे ते गायक इथे, वाद्य तिथे, असं वेगवेगळं ऐकू यावं म्हणून. दंतवैद्यांना आता अख्खा ताफा उजवीकडेच बसलेला ऐकू येतो.

तेव्हा मंडळी, ज्याची पाठ बघू देत नाहीत, त्याची पाठ आधी बघा. आणि एखादा कान अचानक गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बुवांकडे नंतर गेलात तरी चालेल. ते थांबतात. कान थांबत नाही.