दाणा कमी, वारा जास्त

“दाणा सरला की जातं रडतं बघ, सलीम. डोळं मीट अन् ऐक.”

साळूमावशीचा आवाज. माले गावात दोन घरांच्या मधे कुडाची एकच भिंत होती. पलीकडे तिचं जातं, अलीकडे सलीमची गोधडी. लहानपणी भल्या पहाटे झोपेतच उठून तो तिच्या जात्याशी जाऊन बसायचा. ती मूठ सोडायची आणि दगडाला कंठ फुटायचा.

दाणा घालिते मुठीनं, फिर जात्या गोडीनं
रित्या पोटी गाणं कोण गाईल जोडीनं

मूठ थांबली की तोच दगड खरखरायचा, अडखळायचा. पुढे सलीमनं पौडात गॅरेज टाकलं तेव्हा हीच विद्या कामी आली. गाडी आधी ऐकायची, मग उघडायची. लोक म्हणत, सलीमच्या कानात इंजिन बोलतं. त्या कानासाठी ताम्हिणीपासून गाड्या यायच्या.

भातकापणीचे दिवस होते. धरणावरून आलेलं धुकं अजून गॅरेजच्या दारात रेंगाळत होतं, आणि त्यातून अपेक्षाची पांढरी गाडी थरथरत आली.

“काका, तो इंजिनाचा पिवळा दिवा परत लागला,” काच खाली करत ती म्हणाली. ती रोज माल्याहून माणला ऑफिसला जायची. “पळताना काही नाही. सिग्नलला थांबलं की नुसती हलते.”

“हिवताप भरलाय तिला,” मागच्या सीटवरून तिच्या सासूबाई, रत्नाबाई म्हणाल्या. “अन् तू मागल्या खेपेला निस्ते प्लग बदललेस. म्हातारा झालास व्हय रं सलीम?”

“तुमच्यापुढं मी कसला म्हातारा, काकी!”

सगळे हसले. सलीमही हसला, पण ते बोलणं त्याला कुठंतरी टोचलं.

त्याची मुलगी शबनूर हल्ली गॅरेजात त्याच्या बरोबरीनं काम करायची. तिनं स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. “अब्बा, इंजिनात हवा जास्त जातीय, पेट्रोल कमी पडतंय. कुठून तरी फुकटचा वारा शिरतोय. कुठून, ते मात्र हा सांगत नाही.”

“ते सांगाया तुजा बा हाय की,” रत्नाबाई खाली उतरल्या.

दाणा कमी, वारा जास्त. सलीमनं मान डोलावली. रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवू लागला. डोळे मिटले.

आत नुसतं धुकं होतं. पंख्याची घरघर होती, तीही कापसात गुंडाळलेली. जिथं बारीक सुस्कारा ऐकू यायला हवा, तिथं पांढरी शांतता. आणि त्या शांततेच्या पार पलीकडे साळूमावशी गात होती, शब्द न् शब्द स्वच्छ. नवल होतं. आतले आवाज सगळे शाबूत, बाहेरचे तेवढे एकेक करून निघून गेलेले. आधी रातकिडे गेले. मग चिमण्या. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कान गेला म्हटल्यावर गॅरेजात उरणार काय? चार पाने-पक्कडी आणि वरचा पत्रा. कोण कशाला येईल इतक्या लांब?

“कॉइल बदलून बघू,” तो म्हणाला.

शबनूरनं चमकून वर पाहिलं. तिला तर सूऽऽ असा आवाज उभ्या उभ्या ऐकू येत होता, सापानं फूत्कार सोडावा तसा. अब्बाची नळी त्या आवाजावरून पुढे गेली होती, मागे आली होती, पुन्हा त्याच्यावरूनच गेली होती. ती पाण्याची फवारणीची बाटली घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “अब्बा, मडगार्डवर तळवा ठेवा. मी पाणी मारते.”

एका नळीवर फवारा, दुसरीवर फवारा. तळव्याखाली थरथर तशीच. मग तिनं हवेच्या मोठ्या पाइपच्या मागे, अंधाऱ्या सांदीत पाणी मारलं, आणि पाण्यानं वाऱ्याची वाट बुजली तसं इंजिन क्षणभर निवांत झालं. निजलेल्या लेकराच्या छातीसारखं. सलीमच्या हाताला ते आधी कळलं.

“हितंच!” त्यानं हात घातला. बोटांना गाठ लागली. काजळलेली लाल पुरचुंडी, आणि तिचा दोरा रबराच्या नळीला करकचून आवळलेला. दोऱ्याखाली रबर चिरलं होतं.

रत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. “अगं बया! ती माजीच. खंडेनवमीला गाडी पुजली तवा बांधली. देवाचा अंगारा हाय त्यात.”

“आई, मला सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर बांदू दिली असतीस? तू हसशील म्हनून आत दडवली. सुटू ने म्हनून आवळली. रोज येवढ्या लांब जातीस, जीव ऱ्हात न्हाई गं माजा.”

अपेक्षानं सासूचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

सलीमनं चिरलेली नळी काढली, नवी बसवली, क्लिप आवळली. शबनूरनं स्कॅनरवरून जुनी नोंद पुसली. गाडी सुरू झाली; पिवळा दिवा विझला तो विझलाच. पुरचुंडी पुसून त्यानं रत्नाबाईंच्या हातात दिली. “आरशाला बांधा, काकी. सैल.”

धुकं विरलं होतं. इंजिन एका लयीत चालू होतं. रत्नाबाई सुनेला म्हणाल्या, “बघितलंस? उगं न्हाई मानूस येत हितवर. सलीमचा कान म्हंजी कान!”

हसून मान डोलावली असती तरी भागलं असतं. सलीमचा तळवा अजून गाडीवरच होता. त्यानं शबनूरकडे पाहिलं. बांगड्या मागे सारून ती हात पुसत होती, मुद्दाम खाली बघत.

“कान न्हाई, काकी,” तो म्हणाला. “पोरीनं ऐकलं. मला ऐकूच आलं न्हाई. लई दिस झालं.” मग आवाज आणखी खाली आला. “शबनूर, तुज्या बांगड्यासुदिक ऐकू येत न्हाईत गं मला.”