बोटावरचा थेंब

दुसऱ्याचं रक्त बघून मला कधी काही झालं नाही. चाकणच्या तळेगाव चौकात एका ट्रेलरवाल्यानं माझ्या क्रेनला कट मारला, तेव्हा त्याला केबिनमधून खाली ओढून मी त्याचे पुढचे दोन दात पाडले आणि तिथंच टपरीवर हात धुऊन वडापाव खाल्ला. पण स्वतःच्या बोटाला सुई टोचायची म्हटलं की मी हात पाठीमागं लपवतो. मोशीत कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. एकशेचार किलोचा गडी, दोन क्रेनचा मालक, आणि टाचणीएवढ्या सुईला भितो.

म्हणून ओंकारनं तीन रस्ते सांगितले, तेव्हा मी बिनसुईचा धरला. ओंकार म्हणजे आमच्या बिल्डिंगखालच्या जिमचा ट्रेनर. मला किटो डाएट त्यानंच लावून दिलं. भाकरी, भात, साखर बंद. अंडी, पनीर, तूप सुरू. अंग साखर सोडून चरबी जाळायला लागलं की कीटोन तयार होतात. ते झालेत का हे बघायला एकतर लघवीत पट्टी बुडवायची, नाहीतर बोटाचं रक्त काढायचं, नाहीतर मशीनमध्ये फुंकायचं.

"फुंकायचं नाव काढू नको," मी म्हणालो. "ते मी घरी रोज करतोय."

रोज रात्री आठ वाजता करत होतो. मागल्या दिवाळीत मी विजयश्रीचा हात पिरगाळला आणि तिचं मनगट मोडलं. मी तर्र होतो. बायको सहा महिने माहेरी, सांगवीला जाऊन राहिली. मी तिथल्या ओसरीवर बसून सगळ्यांदेखत रडलो. म्हणालो, "ते दारूनं केलं, मी न्हाई." सासऱ्यांना ते पटलं. तिलाही पटलं. तिच्या धाकट्या भावाला, निरंजनला, पटलं नाही. म्हणून त्यानं फुंकून दारू तपासायचं एक मशीन ऑनलाइन मागवून आणलं. हिरवा दिवा लागला तर संसार, लाल लागला तर ताई कायमची सांगवीला, अशी अट घातली. मी दारू सोडली. कुणी काही म्हणो, बायकोवर माझा जीव आहे. ती नसताना त्या फ्लॅटमध्ये मला भिंती खायला उठायच्या.

दारू सुटली आणि मी जिलबीला लागलो. त्यातून पोट सुटलं, पोटातून हे किटो आलं.

पहिले चार आठवडे पट्टी झक्क जांभळी यायची, म्हणजे कीटोन भरपूर. पाचव्याला फिकी पडली. मी खाली गेलो, ओंकारची कॉलर धरली आणि त्याला डंबेलच्या रॅकवर दाबला.

"महिना झाला भाकरीला शिवलो न्हाई, आन् ही अशी फिकी? फसवतो का मला?"

"दादा, सोडा," तो घुसमटत म्हणाला. "लघवीची पट्टी सुरुवातीलाच खरं सांगते. अंगाला सवय झाली की रंग उतरतो. रक्ताचं मशीन घ्या, तेच बरोबर."

"सुई न्हाई म्हणलं ना!"

मी माझीच अक्कल चालवली. पट्टी जांभळी होईपर्यंत जेवायचंच नाही. दोन दिवस काळी कॉफी आणि चमचाभर तूप, बाकी काही नाही. डोकं असं भणभणत होतं की रविवारी सकाळी माझा क्रेन ऑपरेटर किसन अर्धा तास उशिरा आला, त्याला गेटवरच दोन ठेवून दिल्या. त्याच्या ओठातून रक्त आलं. दुपारी पट्टी वांग्यासारखी जांभळी निघाली आणि मी किसनला विसरून गेलो. संध्याकाळपर्यंत जिममध्येच होतो. ओंकारनं मात्र नाक मुरडलं.

"दादा, तोंडाला वास येतोय. नेलपॉलिश पुसतात ना, तसला."

"येऊ दे," मी म्हणालो.

वर घरी निरंजन आला होता. हा माणच्या कुठल्याशा आयटी कंपनीत आहे, चष्मा लावतो, फुंकर मारली तर उडेल. विजयश्रीनं फ्रीजवरचं मशीन काढलं. आठ वाजले होते. मी ऐटीत फुंकलं.

लाल.

"परत फुंका," विजयश्री म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. मी परत फुंकलं. लाल. ती जवळ आली, माझ्या तोंडाचा वास घेतला आणि मागं सरली.

"कसला तरी गोडसर वास येतोय... निरंजन, तू बघ."

"बघायचं काय त्यात? दाजी, शब्द म्हणजे शब्द," निरंजन म्हणाला. "ताई, बॅग भर."

"आयशपथ, थेंब घेतली न्हाई मी!"

"चोराच्या उलट्या बोंबा."

तो बोलायचा थांबायच्या आत माझी मूठ त्याच्या तोंडावर बसली होती. चष्मा तुटला, काच त्याच्या भुवईत घुसली. तो सोफ्यावर कोलमडला, मी त्याला केसाला धरून उठवला आणि परत मारला. नाक मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खरं सांगतो, बरं वाटलं. पांढऱ्या फरशीवर रक्त टपटपत होतं, पायाखाली ते मशीन आलं, त्याचा मी टाचेनं चुरा केला. विजयश्री माझ्या दंडाला लोंबकळून "सोडा, मरंल तो!" असं ओरडत होती. मी तिचं मनगट धरलं आणि तिला भिरकावली. ती फ्रीजवर आदळून खाली बसली. तिनं मनगट छातीशी घेतलं, तेव्हा मला कळलं की तेच मनगट आहे, डावं.

मी थांबलो. डोक्यात एकच होतं, की मी खरा आहे आणि ते दाखवून द्यायचं. मी ओंकारला फोन केला.

"तुझं ते रक्ताचं मशीन घेऊन वर ये. आत्ता."

तो आला आणि दारातच गोठला. निरंजन नाकाला टॉवेल लावून बसला होता. मी बोट पुढं केलं. म्हणालो, "टोच." डोळे गच्च मिटले. सुई कधी टोचली तेही कळलं नाही, इतकी बारीक. बोटावर थेंब आला. एवढ्याला मी घाबरत होतो.

"दोन पॉइंट आठ," ओंकार म्हणाला. "वहिनी, हे उपाशी आहेत, कीटोन चढलेत. त्याचाच वास आहे हा. स्वस्तातल्या मशीनला कधीकधी तो आणि दारू सारखीच वाटते. दादा दुपारपासून माझ्यासमोर होते. घेतलेली नाही."

"ऐकलंस?" मी ओरडलो. मला नाचावंसं वाटत होतं. "निरंजन, ऐकलंस का? आता माफी माग!"

विजयश्री भिंतीला धरून उठली.

"नक्की घेतलेली नाही?" तिनं ओंकारलाच विचारलं.

"थेंबही नाही, वहिनी."

"बरं झालं कळलं." मग ती माझ्याकडं वळली. "इतके दिवस मी सगळ्यांना सांगत आले, माणूस चांगला हाय, दारू वाईट हाय. आईला सांगितलं. डॉक्टरला सांगितलं. सवताला सांगितलं." तिनं सुजायला लागलेलं मनगट पुढं धरलं. "मग हे आज कुणी केलं?"

तिनं आतून पर्स आणली, भावाला काखेत हात घालून उठवलं. कपडेसुद्धा घेतले नाहीत. दोघं दारापाशी गेली तसा माझा जीव घाबरा झाला. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

"घेतली व्हती!" मी म्हणालो. "विजू, घेतली व्हती गं मी. मशीन खरं बोलत व्हतं. हा ओंकार मला वाचवायला खोटं सांगतोय. सांग की रे तिला!"

ओंकारनं मान खाली घातली. विजयश्रीनं एकदा त्याच्या हातातल्या मशीनकडं बघितलं, एकदा माझ्या बोटाकडं, आणि चपला घातल्या.