फोर्तुनातोचा उजवा हात

डोंगरावरच्या माचा गावच्या चौकात दर मे महिन्यात गावं एकमेकांशी ठोशांनी भिडतात. जमिनीला थोडं रक्त दिलं की बटाटा चांगला धरतो, असं तिकडे सगळेच मानतात. यंदा इलारियाच्या पोराने, फोर्तुनातोने, पलीकडच्या गावातल्या तेओदोरोचं थोबाड फोडलं, आणि त्याचा दात याच्या उजव्या मुठीत रुतला. जखम मक्याच्या दाण्याएवढी. फोर्तुनातो खाणीत घण चालवणारा गडी, त्याला तिचं काय!

इलारियाला मात्र राहवेना. तिने कोकाची पानं चघळून मऊ केली, थुंकीसकट जखमेवर थापली आणि वर फडकं आवळलं. तिच्या आईने हेच केलं होतं, आजीनेही. चार दिवस ती ताजा लगदा लावत राहिली. हात फुगत गेला तशी बिचारी जास्तच चघळत गेली.

पाचव्या दिवशी तापाने फणफणलेल्या पोराला ट्रकमध्ये घालून तिने पोतोसी शहरातलं इस्पितळ गाठलं. डॉक्टरीणबाईंनी मूठ चिरली. आतून इतका घाण वास सुटला की नर्सने खिडकी उघडली.

"मावशी, हे तोंडातले जंतू. तोंडात असतात तोवर गुपचूप राहतात, खोल शिरले की हाड खातात. दात लागला त्याच दिवशी आणायचं होतंत. जखमेवर काही लावलंत का?"

इलारियाचे दात पानांनी हिरवे झाले होते. तिने शालीचं टोक तोंडावर धरलं.

"नुसतं पाणी," ती म्हणाली.

दोन दिवस औषधं चढली, दोनदा पुन्हा चिरलं. तिसऱ्या दिवशी हात मनगटापासून काढला. आपण खरं बोललो असतो तर तो वाचला असता का, हे विचारायची इलारियाची छाती झाली नाही.

शुद्धीवर आल्यावर फोर्तुनातोने डाव्या हाताने पांढरं बँडेज चाचपलं.

"रडू नकोस आई. तू तर जिवाचं रान केलंस. त्या तेओदोरोच्या किडक्या दातानं घात केला."

"पोरा, ऐक जरा..."

"डावा आहे ना अजून? पुढच्या मे महिन्यात दगड घेऊन उतरणार. त्याला जिवंत ठेवत नाही. अडवू नकोस मला."

तेओदोरो जेमतेम विशीचा. लढाईनंतर रक्ताळलेल्या तोंडाने हसत त्याने इलारियाला नमस्कार केला होता. त्यालाही आई होती. सगळं इलारियाच्या ओठांवर आलं होतं, पण खरं कळल्यावर हा पोर आपल्याकडे कसा बघेल, एवढंच तिला दिसत राहिलं.

"हो बाळा," ती म्हणाली. "जिवंत ठेवू नकोस त्याला."